डाव्या हाताचं जेवण

मी ऑक्युपेशनल थेरपी शिकतेय म्हटलं की लोक विचारायचे, "म्हणजे फिजिओच ना?" माझं डोकंच उठायचं. आजारपणानंतर माणसाला परत स्वतःच्या हाताने जेवता यावं, शर्टाची बटणं लावता यावीत, ते आम्ही शिकवतो, असं सांगितलं तर डोंबिवलीतल्या आमच्या शेजारीण काकू म्हणाल्या, "शी! लोकांची लाळबिळ पुसायची?"

लाळेची किळस माझी पहिल्याच वर्षी गेली. माणसांची मात्र वाढत गेली.

तिसऱ्या वर्षी ठाण्याच्या ओपीडीत मला शहाडचे एक काका पेशंट म्हणून मिळाले. पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला. उजवा हात लुळा, बोलणं जड. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. पहिल्याच दिवशी अडखळत म्हणाले, "लग्नात... मला कोणी... भरवायचं नाही."

उजवा हात इतक्यात साथ देणार नव्हता, म्हणून डावा धरला. उभ्या काठाची थाळी, तिच्याखाली ओला नॅपकिन, म्हणजे ती सरकत नाही. पण डाव्या हातातला चमचा तोंडाशी नेताना काकांनाच कसंतरी व्हायचं. जन्मभर तो हात कशासाठी वापरला ते आठवायचं ना! "काका, साबणाने धुतलाय," मी म्हणायचे. ते डोळे मिटून घास घ्यायचे. हळूहळू डोळे उघडे ठेवून जेवायला लागले.

लग्नाला मी ती थाळी घेऊनच गेलेले. काकांच्या बायकोने ती बाजूला सारली. "अगं, व्याही समोर बसलेत. डाव्या हाताने जेवले तर काय म्हणतील? मी भरवते की." काकांचा डावा हात तिने टेबलाखाली दाबला आणि वरणभात कालवून घास पुढे केला.

"किती करते गं बिचारी!" बायका हळहळल्या. एकाने तर मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. चांगला धडधाकट हात दाबून ठेवलेला, आणि ह्यांना त्यात प्रेम दिसत होतं!

"अहो, आ करा ना."

काकांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. वरण हनुवटीवरून नव्या सदऱ्यावर ओघळलं. मग त्यांनी टेबलाखालून हात सोडवून घेतला, माझी थाळी पुढे ओढली आणि चमचा उचलला.

"शी! डाव्या हाताने?" त्यांची थोरली बहीण सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. व्हिडिओवाल्याने मोबाइल खाली घेतला. मी ताडकन उठले, तिला चार शब्द सुनावायलाच.

काकांनी मानेनेच मला खाली बसवलं. घास सावकाश चावून गिळला.

"म्हणू दे... शी," ते म्हणाले. मग वरणाने बरबटलेला हात तसाच धरून बसलेल्या बायकोकडे वळून म्हणाले, "जिलबी वाढ."