दर दोन तासांनी एक वाटी

माझ्या सासऱ्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. आमचं गाव ब्राह्मणपुरीजवळ, शेत काळ्या मातीचं, आणि पीक मुख्यतः मिरचीचं. त्यामुळे आमच्या घरात तिखटाला तोटा नव्हता. नानांच्या ताटात भाजी आधीच लालभडक असायची, तरी ते वरून ठेचा घ्यायचे. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी वांग्याची भाजी चाखून विचारलं होतं, "बेटा, घरमा मिरची सरी गई का?"

अशा माणसाच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. तंबाखू त्यांनी चाळीस वर्षं खाल्ली होती. सुरतेच्या दवाखान्यात तपासणी झाली, मग शेक सुरू झाला. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे शेकच म्हणतात. साडेसहा आठवडे नवरा त्यांना घेऊन तिथे खोली करून राहिला. सासूबाई आधीच वारलेल्या होत्या, म्हणून शेत आणि घर मी एकटी सांभाळत होते. फोनवर नवरा रोज सांगायचा, आज शेक झाला, आज अर्धी वाटी दूध घेतलं. मला वाटायचं, एवढं संपलं की माणूस घरी येईल आणि मग आपण खाऊपिऊ घालून उभं करू. स्वयंपाकाची मला कधी भीती वाटली नव्हती.

घरी आणायच्या दिवशी मीही सुरतेला गेले. तिथे आहार सांगणारी एक तरुण मुलगी होती. तिने मला समोर बसवलं आणि हिंदी-मराठी मिसळून सावकाश सांगितलं. तोंड आतून सोललेलं आहे. तिखट नाही, आंबट नाही, कडक नाही, गरम नाही. सगळं मऊ, ओलं आणि कोमट. एका वेळी जास्त जाणार नाही, म्हणून दर दोन तासांनी एक वाटी. प्रत्येक वाटीत तूप, दूध, डाळ, पनीर असं काहीतरी अंगी लागणारं हवं, नुसतं भाताचं पाणी देऊ नका. पाणी उकळलेलं. शिळं काही नाही. खाण्याआधी मीठ-सोड्याच्या पाण्याने चूळ. मग तिने विचारलं, "अंडी चालतात?" मी म्हटलं, आमच्या घरात अंडं कधी आलेलं नाही. ती म्हणाली, "बघा. आलं तर बरं."

नंतर डॉक्टरांनी नवऱ्याला आणि मला बाजूला घेतलं. नानांचं वजन आजाराआधी एकसष्ट किलो होतं, आता बावन्न होतं. पन्नासच्या खाली गेलं तर वाट बघू नका, लगेच आणा, नाकातून नळी घालावी लागेल, असं ते म्हणाले. आम्ही वळलो तर नाना दाराशीच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

गाडी प्रकाशा गावाशी आली. मग तापीच्या पुलावर त्यांनी बसलेल्या घोगऱ्या आवाजात मला म्हटलं, "मन्हा भाऊले नाकमा नळी टाकी व्हती. तो जिवत घर उना नही."

त्या दिवसापासून मी घाबरून स्वयंपाक करू लागले.

आधी घरातली मिरची काढली. मागच्या खोलीत पोती होती, ती शेजाऱ्यांच्या खळ्यात हलवली, कारण मिरचीच्या नुसत्या खाटाने, म्हणजे झणझणीत वासाने, नानांना खोकला यायचा आणि खोकला आला की तोंडातून रक्ताची रेघ यायची. आमच्या दोघांची भाजी मी मागच्या दारी, उघड्यावर चुलीवर करायची. फोडणीचा वास घरात आला तरी त्यांना उमळून यायचं. त्यांची भांडी वेगळी केली आणि ती उकळत्या पाण्यातून काढू लागले. पातेलं उतरवलं की करंगळी बुडवून बघायची, कोमट आहे ना. मग पुन्हा बघायची. मुगाच्या डाळीत एखादं सालपट राहिलं तर ते घशात अडकेल, या धास्तीने मी डाळ तीनतीनदा गाळायची. नाचणीची पेज, दुधात भिजवलेला मऊ भात, दुधी किसून शिजवलेली खीर, तूप घालून घोटलेलं वरण, कुस्करलेलं केळं. वाटी भरून नेली की मी त्यांच्या समोर बसायची आणि त्यांच्या घशाकडे बघायची. घोट खाली गेला की माझा श्वास सुटायचा.

"कशी लागनी?" मी विचारायची.

"माले काहीच चव लागत नही वं बेटा. माती खाई ऱ्हायनू अशी वाटस."

"दोन घास अजून खाई ल्या, नाना."

ते दोन घास घ्यायचे आणि वाटी सरकवून द्यायचे. बहुतेक वेळा अर्धी परत यायची. ती अर्धी वाटी मी मोरीत ओतायची.

आमच्या पडवीत मिरचीची पोती मोजायचा वजनकाटा होता. दर सोमवारी सकाळी आंघोळीनंतर नाना त्याच्यावर उभे राहायचे. पहिल्या सोमवारी बावन्न. दुसऱ्या सोमवारी एक्कावन्न. मी काटा पुन्हा वाचून बघितला. नानांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आकडा विचारला नाही.

त्या आठवड्यात मी ते केलं, जे कुणाला सांगितलं नव्हतं. म्हसावदला किराणा आणायला गेले होते, येताना पिशवीच्या तळाशी चार अंडी आणली. तांदळाच्या डब्यामागे लपवली. नवऱ्यालाही सांगितलं नाही. खिरीत एक अंडं फेटून मंद आचेवर चांगलं शिजू दिलं, वेलची जास्त घातली, आणि वाटी घेऊन नानांसमोर बसले. त्यांना चव कळत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच हिंमत झाली. पण ज्या माणसाने सत्तर वर्षं जे तोंडाला लावलं नाही, ते मी त्याच्या आजाराचा फायदा घेऊन घालते आहे, हेही मला कळत होतं. ते एकेक घोट घेत होते. टरफलं मी परसात खोल पुरली.

तिसऱ्या सोमवारी साडेएक्कावन्न. चौथ्या सोमवारी बावन्न.

नवरा खूष झाला. "वजन तं वाढनं ना? मंग कसाले घाबरस?" असं म्हणून तो शेतावर गेला. मी पण देवापुढे साखर ठेवली. पाप लागायचं तर लागू दे, अंडं कामाला आलं, असं मनाला सांगितलं. तरी काहीतरी खटकत होतं. वाट्या तर तशाच अर्ध्या परत येत होत्या. नानांच्या गळ्याची हाडं आणखी वर आली होती. मग मी स्वतःलाच दटावायची, काटा खोटं बोलतो का?

पाचव्या सोमवारची गोष्ट. थंडी खूप होती. नाना न्हाणीतून धोतर गुंडाळून बाहेर आले, उंबऱ्यापाशी एक क्षण थांबले आणि भिंतीला धरत खाली बसले. तसेच कलंडले. नवरा तेव्हा पाणी भरायला शेतात गेलेला. मी धावले. हाक मारली, डोळे अर्धे उघडे होते, ओठ हलत होते. मी एक हात पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि उचललं. मला वाटलं होतं, उचलता येणार नाही, शेजारी हाक मारावी लागेल. पण ते आले. एकदम वर आले. मी जोर लावला होता तेवढा लागलाच नाही, आणि त्यामुळे माझाच तोल गेला.

तेव्हा मला जी भीती वाटली, तशी आधी कधी वाटली नव्हती. मी रोज पोती उचलणारी बाई. किती किलो म्हणजे किती, हे माझ्या हातांना कळतं. हे बावन्न किलो नव्हते.

खाटेवर ठेवलं, साखर-मिठाचं पाणी चमच्याने ओठांना लावलं. हळूहळू ते शुद्धीवर आले. थंडीने कुडकुडत होते म्हणून मी खुंटीवरची त्यांची बंडी ओढली. ती एका बाजूला लोंबत होती, आणि हातात घेताच खाली खेचली गेली. आतल्या दोन्ही खिशांत हात घातला. जुन्या तराजूची लोखंडी मापं. दोन एका खिशात, दोन दुसऱ्यात. तीन एकेक किलोची आणि एक अर्ध्या किलोचं. आंघोळीला जाण्याआधीच त्यांनी ती भरून ठेवली होती. वरून शाल घेऊन ते काट्यावर उभे राहायचे आणि मी समोर उभी राहून आकडा वाचायची.

"नाना, हाई काय शे?"

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तसंच म्हणाले, "कोनले सांगू नको. तुन्हा नवराले बी नको."

"नाना..."

"माले भ्याव वाटस, बेटा. नळी नको. मी खासू. आते सगळं खासू."

त्यांचे डोळे वाहत होते. माझ्या हातात ती मापं होती आणि मला त्यांच्यावर रागावता येत नव्हतं. तीन आठवडे तेही मला फसवत होते आणि मीही त्यांना फसवत होते. एकाच वाटीवर आम्ही दोघं खोटं बोलत होतो. मी त्यांना जवळ घेतलं. त्यांच्यासमोर मी कधी पदर डोक्यावरून खाली येऊ दिला नव्हता, त्या दिवशी मला त्याचं भानही राहिलं नाही.

पण मी सांगितलं. शेतावर फोन करून नवऱ्याला बोलावलं. त्याने वडिलांना धरून काट्यावर उभं केलं. साडेअठ्ठेचाळीस. तासाभरात गाडी ठरवली. नाना माझ्याकडे न बघता गाडीत बसले.

नळी घातली तेव्हा मी बाहेर उभी होते. आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता आणि माझ्या मनात एकच, की यांचा भाऊ घरी आला नव्हता, आणि यांना इथे आणलं ते मी. चार दिवसांनी त्यांना घरी सोडलं. नर्सबाईने मला नळीतून अन्न द्यायला शिकवलं. डोकं वर करून बसवायचं. नळीवरची खूण हलली नाही ना बघायचं. हलली असेल तर काहीही घालायचं नाही. पिचकारीने जोर लावायचा नाही, आपोआप उतरू द्यायचं. नंतर पाण्याने नळी धुवायची. चुकून फुप्फुसात गेलं तर? हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "म्हणून तर खूण बघायची, ताई." पहिले कितीतरी दिवस मी खूण बघायची, नवऱ्याला बघायला लावायची, आणि पुन्हा स्वतः बघायची.

नाना माझ्याशी बोलत नव्हते. मी समोर बसून पिचकारी धरायची, ते छताकडे बघायचे. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी मला ते सहन झालं नाही. मी अंड्याचं सांगून टाकलं. खिरीत घालत होते, किती वेळा घातलं, कुठे लपवलं, सगळं. आता मला शिव्या देतील, नाहीतर नळी उपटतील, असं वाटलं.

ते छताकडेच बघत होते. मग म्हणाले, "नळीमा काय टाकशी ते तुन्हं पाप. मन्हा तोंडमा टाकू नको."

आणि माझ्याकडे बघितलं. मी हसले की रडले, आता आठवत नाही. त्यानंतर नळीच्या जेवणात, नर्सबाईला विचारून, पूर्ण शिजवून बारीक वाटून गाळलेलं अंडं जायला लागलं. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

नळी पाच आठवडे होती. चौथ्या आठवड्यात शेजारी ज्वारीच्या बिबड्यांचं पीठ शिजत होतं. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. ते थापायच्या आधी मोठ्या पातेल्यात पीठ घोटतात, आणि गल्लीतली सगळी मुलं तो गरम घाटा खायला वाट्या घेऊन येतात. नानांनी नाक वर केलं.

"काय शिजी ऱ्हायनं?"

त्यांना वास आला होता. मी पळत गेले, तीळ-मिरची पडायच्या आधीचा घाटा वाटीभर मागून आणला, पुन्हा गाळला, पातळ केला, तूप घातलं, निववला. तोंडाने पातळ द्यायला डॉक्टरांनी त्याच आठवड्यात परवानगी दिली होती, पण आतापर्यंत त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मी चमचा ओठांशी नेला. माझ्या डोळ्यांसमोर ठसका, रक्त, सुरतेचा रस्ता, सगळं उभं राहिलं. घोट खाली गेला. नाना थांबले. मी त्यांच्या घशाकडे बघत होते.

"मीठ कमी शे," ते म्हणाले.

त्यांना मीठ कळलं होतं!

त्याला आता दोन वर्षं होत आली. वजन छप्पनच्या वर जात नाही. तोंड कोरडं पडतं, भाकरी वरणात भिजवूनच खावी लागते, जेवायला तास लागतो. दर काही महिन्यांनी तपासणीला जातो आणि त्याच्या आधीचे आठ दिवस मी धड जेवत नाही. डॉक्टर मान हलवून ठीक आहे म्हणतात, तेव्हा पुढच्या तपासणीपर्यंत बरं वाटतं. फार पुढचं मी धरत नाही.

गेल्या गुरुवारी नानांनी खिचडी अर्धी ठेवली आणि भूक नाही म्हणाले. दुपारभर मी काही ना काही निमित्ताने पडवीत जाऊन त्यांचा गळा, त्यांचं गिळणं बघत राहिले. संध्याकाळी नवऱ्याकडून कळलं, सकाळी शेतावर त्यांनी पपई कापायला लावली होती आणि चांगली पिकलेली अर्धी पपई एकट्याने संपवली होती. मी जाऊन त्यांना रागावले, बाहेरचं कापलेलं फळ, हात धुतले होते का, सुरी कुणाची होती? ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "गोड व्हती," आणि उठून गायीला चारा टाकायला गेले.