राजाची एक उडी

१९८४ च्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीत बुद्धिबळाची स्पर्धा होणार असल्याचा कागद कॉलेजच्या फळ्यावर लागला आणि मी घरी जाहीर केलं, मी खेळणार. मी तेव्हा अकरावीत. बाबा नोकरीला मुंबईत, त्यामुळे घरात शब्द थोरल्या काकांचा. ते मिरजोळ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि ओटीवरही सुपरवायझरच. ते म्हणाले, आधी मला हरव. हरलीस तर स्पर्धेचं नाव काढायचं नाही.

हरवण्याएवढी अक्कल माझ्याकडे नव्हती, पण वाचनालयातलं एक पुस्तक होतं. त्यात डावाच्या सुरुवातीला लावायचे सापळे होते. त्यातला एक मला फारच भावला. आपला वजीर समोरच्याला खुशाल खाऊ द्यायचा आणि तो खाण्यात रमला की एक उंट, दोन घोडे मिळून त्याच्या राजाला मात. सातव्या खेळीला. पंधरा दिवस तांदूळ निवडताना, दात घासताना मी तेच घोकलं. गणिताला इतकी बसले असते तर घरात माझं वेगळंच कौतुक झालं असतं.

अडचण एकच होती. काका देशी पद्धतीनं खेळायचे. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं, पुस्तकात दोन. दोन घरांचं मी आधीच भांडून कबूल करून घेतलं.

रविवारी दुपारी डाव मांडला. काकांच्या उंटानं माझा घोडा अडवला; घोडा हलला की मागचा वजीर मरणार. मी हलवला. काकांनी वजीर उचलला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"काय गो, डोळे कुठे ठेवलेस?"

मी उंटानं शह दिला. त्यांचा राजा एक घर पुढे आला. मी दुसरा घोडा ठेवला आणि "मात" म्हणाले, ते इतक्या जोरात की आई आतून बाहेर आली.

काकांनी शांतपणे राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून आपल्या वजिराशेजारी नेऊन बसवला. देशी खेळात राजाला डावात एकदा अशी उडी असते. शह मिळाला की ती जाते, असं काही घरांत मानत. आमच्याकडे जात नसे. मी प्याद्याचं भांडले, राजाचं विसरले. पुढे काकांनी मला सावकाश, चहा पीत मारलं.

"झालं? आता स्पर्धेचं नाव नको."

"काढणार. तिथे राजा उडत नाही."

"आपल्या घरात उडतो."

"म्हणून तर बाहेर जाऊन खेळायचंय."

बोलून गेले. मग स्पर्धेचा फॉर्म आणून पटावरच ठेवला. पालकाच्या सहीची जागा रिकामी होती. आईनं थोरल्या दिरांपुढे कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. पदराला हात पुसले, माझं पेन घेतलं आणि सही केली.

स्पर्धेत प्रत्येकाला सगळ्या फेऱ्या खेळायच्या होत्या. पहिल्या फेरीत मी तोच सापळा लावला. समोरच्या बँकवाल्या गृहस्थांनी वजिराकडे ढुंकूनही पाहिलं नाही, घोडा तेवढा खाल्ला. संध्याकाळी काकांनी झोपाळ्यावरून विचारलं, काय झालं.

"हरले," मी म्हटलं. "उद्या नऊ वाजता दुसरी फेरी आहे."