कापूस वेचणीच्या कपड्यांत गेलेले टॉवेल

मंडळी, आज हातात त्राण उरलेलं नाही.

सकाळी गिऱ्हाइकाची काळी गाडी पुसायला घेतली आणि पहिल्याच दारावर बारीक ओरखडे उमटले. दुपारी ती नवरदेवासाठी सजायची होती. मायक्रोफायबरचा टॉवेल उजेडात धरला, तर त्यात वाळल्या पानांचा चुरा. बायकोने माझे टॉवेल कापूस वेचणीच्या कपड्यांसोबत मशीनला लावले होते.

“तुम्ही थकेल दिखनात, म्हनीसन धोई टाकात,” ती म्हणाली. मी चिडलो, तर म्हणे, “मन्हा साड्यास्ना इतला लाड कधी करा का?”

दार पुन्हा पॉलिश करून गाडी वेळेत दिली. टॉवेल वेगळे धुवायचे, सॉफ्टनर टाकायचं नाही, हे मी कोणी न शिकवता शिकलो. घरात मात्र एकदाही सांगितलं नाही.

तुम्ही सांगता का, की चुकल्यावर नुसते चिडता?