हनिमून कॉटेजमधल्या सासूबाई

लग्न होऊन वर्ष उलटलं, तेव्हा कुठे आम्ही समुद्रावर गेलो. हे लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. बारावीची बॅच संपली की सुट्टीतली बॅच, ती संपली की नवी अकरावी. मधे सापडली ती सुट्टी घेऊन आम्ही कोकणात निघालो, आणि सोबत सासूबाई आल्या.

त्यांना मागे ठेवणं शक्यच नव्हतं. भूकंपात चाकूरकडच्या आमच्या गावातल्या घराची एक भिंत गेली होती. माणसं वाचली, पण तेव्हापासून सासूबाई एकट्या कुठल्याही पक्क्या छताखाली झोपत नसत. नांदेडला माझ्या आईनं विचारलं, "तिघं जाणार?" मी म्हटलं, "हो." आई हसत सुटली.

किनाऱ्यावरचा लॉज चांगला होता. जाड चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब. सासूबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. आधी भिंती पाहिल्या, मग वर स्लॅबकडे पाहिलं.

"भायेर पळायची वाट कोनती?"

"काकी, आमच्याकडे भूकंप नाय होत," मालक म्हणाला. "वादळं होतात फक्त."

"म्हंजे छत उडून जातंय?"

तेवढ्यात सासूबाईंना वाळूच्या कडेला एक झावळ्यांची खोप दिसली. त्या तरातरा तिकडे गेल्या, कुडाच्या भिंतीला हातानं ढकलून पाहिलं आणि खूश झाल्या. "हे अंगावर पडलं तरी काय होत न्हाई. मी हितंच राहते."

मालक ह्यांना बाजूला घेऊन काहीतरी कुजबुजला. ह्यांचे कान लाल झाले. खोपीच्या दारावर पाटी होती, 'हनिमून कॉटेज'. आत बदामाच्या आकाराच्या दोन लाल उशा होत्या.

"काय लिवलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"पाहुण्यांची खोली," मी म्हटलं.

"मग बराबर हाय."

अशा रीतीनं आम्ही दोघं फॅमिली रूममध्ये आणि सासूबाई तिथे. दिवसभर त्या दारात बसून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खायच्या. फोटो काढायला आलेली जोडपी पाटी वाचायची, सासूबाईंकडे बघायची आणि पाय न वाजवता मागे फिरायची. एका नव्या नवरीला तर त्यांनी जबरदस्तीनं धपाटा खायला लावला.

समुद्राबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "प्यायला न्हाई, वावराला न्हाई. लोकं एवढ्या लांबून कामून येतेत?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि हे हातात हात घालून पाण्याकडे निघालो. कुणी तरी हाक मारली, "सर!" अहमदपूरचे एक गृहस्थ होते. मुलगी दहावीला. तिला क्लाससाठी लातूरला ठेवावं की नांदेडला, एवढंच त्यांना विचारायचं होतं. हे थांबले. त्यांच्या पाठोपाठ दुसरं कुटुंब आलं, ते हिमायतनगरचं. मग कुणाच्या तरी मुलानं लाटांबद्दल शंका विचारली आणि ह्यांनी काठी उचलून वाळूत आकृती काढायला सुरुवात केली. समोर खरा समुद्र असताना सगळे खाली मान घालून वाळूतली लाट बघत होते.

मी चिडून एकटीच चालू लागले.

"पोरी, हिकडं ये," सासूबाईंनी हाक मारली. "त्याचं काय चालतंय ते चालू दे. चल, आपन जाऊन येऊ."

लुगडं वर खोचून त्या घोट्याएवढ्या पाण्यात आल्या. लाट आली, पायावरून गेली आणि परत फिरली. टाचांखालची वाळू सरकली. त्यांनी माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडी पिचली.

"हलून राहिलं! पळ!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, वाळू सरकली नुसती. पाणी तिला ओढून नेतं. बघा, सगळे उभे आहेत."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. लहान पोरं उड्या मारत होती. लॉजवरचं एक जोडपं ओरडत एकमेकांवर पाणी उडवत होतं. कुणीच पळत नव्हतं.

"पुन्यांदा हलंल?"

"हो. प्रत्येक लाटेला."

त्या तशाच ताठ उभ्या राहिल्या. दुसरी लाट आली. वाळू सरकली, त्या डुलल्या, मी धरलं. तिसऱ्या लाटेला त्यांच्या तोंडून बारीक हसू निघालं. मग त्या हसतच राहिल्या. एका मोठ्या लाटेनं आम्हा दोघींना पार बसवलं, तरी हसणं थांबेना. नाकातोंडात पाणी गेलं.

"लई खारं हाय गं!" त्या थुंकत म्हणाल्या आणि उठायला काही तयार होईनात.

अंधारून आलं तेव्हा आम्ही लॉजच्या मागच्या नळावर गेलो. लुगड्याच्या निऱ्यांतून ओंजळीनं वाळू निघत होती. "पाठ लई खाजून राहिली, जरा चोळ," त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या. वर्षभर एका घरात राहत होतो, पण पाया पडण्यापलीकडे मी त्यांना कधी हात लावला नव्हता. मी तांब्यानं पाणी ओतलं आणि पाठ चोळू लागले.

"जोरात चोळ की," त्या म्हणाल्या. "मी काय मोडत न्हाई."