दुसऱ्या रिमोटची जागा

आमच्या शेजारचा चंद्रप्रकाश परब मुलुंडला एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. राहायला इथेच विक्रोळीत, कन्नमवार नगरला, माझ्या दारासमोर. पन्नाशीला आला, लग्न केलं नाही. का केलं नाही ते त्याच्या आईलाही शेवटपर्यंत कळलं नाही, तर मी काय सांगणार? आम्ही सगळे त्याला चंदू म्हणतो. जिन्यात भेटला की "काय वहिनी" म्हणतो, आणि आपण काही बोलायच्या आत दोन पायऱ्या पुढे गेलेला असतो.

त्याची आई, वनमालाकाकू, दोन वर्षांपूर्वी गेल्या. मालवणकडच्या. जिभेला धार, हाताला चव. त्यांना एक छंद होता, जो मी दुसऱ्या कुठल्या आईला पाहिला नाही. त्या टीव्ही गेम खेळायच्या. तो जुना, कॅसेट घालायचा गेम, वायरीच्या दोन रिमोटचा. चंदूने नोकरी लागल्यावर हौसेने घेतला होता. बाकी सगळ्यांच्या घरातले ते गेम भंगारात गेले, ह्यांचा राहिला.

त्यात एक रणगाड्यांचा खेळ होता. खाली मधोमध एक पाखरू, त्याच्याभोवती विटा. वरून शत्रूचे रणगाडे येतात. पाखरू गेलं की खेळ संपला. दोघांनी मिळून ते राखायचं. चंदू पुढे जाऊन लढायचा आणि काकू पाखराजवळ बसायच्या.

"मी हय बसतंय, तू जा फुडे," म्हणायच्या. "आणि येताना बघान ये मेल्या, माकाच मारशीत!"

दिवा लावून झाला, माझी रामरक्षा म्हणून झाली, की समोरून हे सुरू. मोतीबिंदू झाला तरी सुटलं नाही. दसऱ्याला घरातली हत्यारं पाटावर मांडतात, तशी काकू विळी, कात्री, चंदूचे स्क्रूड्रायव्हर मांडायच्या आणि मधोमध तो गेम. त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "हसतस काय? ह्याच्यामुळेच माझो झील संध्याकाळचो घराक येता."

काकू गेल्यावर ते घर एकदम गप्प झालं. बाराव्यापर्यंत माणसं होती. नंतर गावची गावाला गेली.

मग मला समोरून एका मुलाचा आवाज ऐकू यायला लागला. वाटलं, कोणी भाचा-पुतण्या आला असेल. एकदा आमटी द्यायला गेले तर कोणी नव्हतं. चंदूने फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. त्यात देवेश नावाचा एक मुलगा जुन्या गेमबद्दल बोलत होता. तो असेच व्हिडिओ करतो, जुने गेम दाखवतो, खेळतो, मधे मधे बघणाऱ्यांशी गप्पा मारतो.

"काय मंडळी, जेवलात का?" तो मुलगा फोनमधून म्हणाला.

"जेवतोय," चंदू म्हणाला.

मी आमटीचं भांडं ठेवलं आणि आले. घरी येऊन ह्यांना सांगितलं नाही. ह्यांनी चेष्टा केली असती.

ह्या व्हिडिओवाल्यांनी जुन्या गेमला चांगले दिवस आणले, हे मात्र खरं. आमच्याच मजल्यावर ऋतिकाने नवऱ्याचा लहानपणचा गेम माळ्यावरून काढून शोकेसमध्ये ठेवला. हात लावू देत नाही कुणाला. बिल्डिंगमधल्या पोरांना कुठली कॅसेट कधीची, सगळं पाठ. चंदूला वाटलं, आता पोरं येतील खेळायला. बोलावलं त्याने. आली, दहा मिनिटं बसली, आणि मग चंदूच्या घरात बसून फोनवर देवेशला तोच खेळ खेळताना बघत राहिली.

"काका, तो बघा कसा खेळतो. तुमचं स्लो आहे."

चंदूने रिमोटची वायर गुंडाळून ठेवली.

आणि मग तो देवेशच एक दिवस चष्म्याची काडी तुटली म्हणून दुकानात आला. तो मुलुंडलाच राहतो. चंदू मान खाली घालून काम करत होता. त्याने चेहरा बघितलाच नाही, आवाजावरून ओळखलं. चंदूसारखा माणूस एकदम उठून बोलायला लागला म्हणजे काय झालं असेल त्याला, ते बघा. गेमचं सांगितलं, आईचं सांगितलं. देवेश म्हणाला, "काका, काय सांगता! आई खेळायची? मी येतो घरी. आपण शूट करू."

चंदूने त्यातलं "मी येतो घरी" तेवढंच ऐकलं.

तो यायच्या दिवशी चंदूने सुट्टी घेतली. माझ्याकडून बिडाचा तवा नेला, घावणे केले, नारळाचा रस केला. चटई झटकून घातली, दोन रिमोट समोर ठेवले. देवेश आला, घावणे खाल्ले, नावाजले. पोरगा गोड आहे, खोटं का बोलू. वाकून माझ्यासुद्धा पाया पडला. मग कॅमेरा लावून दुसरा रिमोट घेऊन बसला. चंदूला वाटलं, आता हा पाखराजवळ थांबेल. हा सुसाट पुढे. मागे पाखरू गेलं. खेळ संपला.

"झकास काका! मिळाला शॉट आपल्याला."

"परत लावू?" चंदूने विचारलं.

"लावा ना. पण आता तुम्ही एकटेच बसा. मी इथून घेतो. दुसरा रिमोट बाजूला तसाच राहू दे, चटईवर."

तो व्हिडिओ किती लोकांनी बघितला, त्याचा हिशोब मला कळत नाही. पण बाजारात कोळीण चंदूला म्हणाली, "तूच ना रे तो आईवाला?" आणि वर दोन बोंबील जास्त टाकले. लोक घरी येऊन त्या रिकाम्या जागेजवळ उभं राहून फोटो काढायचे. डोळे पुसायचे. चंदू प्रत्येकाला म्हणायचा, "बसा ना, खेळणार का एक डाव?" त्यावर ते घड्याळ बघायचे.

एकच माणूस बसला. कुंडलिकराव.

ते मागच्या बिल्डिंगमधले. मूळचे जालन्याकडचे, बस डेपोतून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगा विकी बंगळूरला. विकीने तो व्हिडिओ बघून फोनवर सांगितलं, बाबा, आपला टँकवाला गेम तुमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये एकाकडे आहे. म्हणून हे शोधत आले. बेल वाजवून म्हणाले, "ते टँकचं इथंच आहे का? विकीसंगं मी लई खेळायचो. बघू का जरा?"

"बघू कशाला, बसा," चंदू म्हणाला.

तिथून रोज संध्याकाळी सुरू झालं. कुंडलिकराव अतिशय वाईट खेळायचे. समोरून मला सगळं ऐकू यायचं.

"अहो दादा, पाखरू मारलंत तुम्ही! आपलं पाखरू!"

"मग ते मधी कशाला बसलंय?"

"ते तिथेच असतं!"

"आसं कसं? गोळ्या चालल्यात, जरा सरकावं की त्यानं."

चंदू खदखदून हसायचा. काकू असताना सुद्धा मी त्याला असं हसताना ऐकलं नव्हतं. काकू त्याला हसू द्यायच्याच कुठे? मी देवापुढे हात जोडताना मनात म्हटलं, बरं केलंस बाबा. गणपतीत तर कुंडलिकराव चंदूकडे मोदक खायला होते, आणि आरतीच्या वेळी, ते बौद्ध म्हणून, बाहेर गॅलरीत माझ्या ह्यांच्याशी बसच्या गोष्टी करत उभे होते. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दसरा आला. देवेशला चंदूने त्या पाटावरच्या पूजेचं सांगितलं होतं. ते त्याला व्हिडिओत घ्यायचं होतं. चंदूने आईसारखाच पाट मांडला, झेंडू, आपट्याची पानं, गेमवर स्वस्तिक. त्याच दिवशी बौद्धांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. कुंडलिकराव सकाळी विहारात जाऊन आले आणि तसेच पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत खिरीचा डबा घेऊन चंदूकडे आले. मीही आपट्याची पानं द्यायला गेले होते, म्हणून पुढचं माझ्यासमोर झालं.

कुंडलिकराव नेहमीच्या जागी, चटईवर, चंदूच्या डाव्या हाताला बसले. दुसरा रिमोट हातात घेतला. देवेश कॅमेऱ्यातून बघत होता. थांबला.

"काका, एक मिनिट. हे आजोबा फ्रेममध्ये नको. लोकांना ती जागा रिकामी माहितीये. इमोशनच जाईल ना यार."

चंदू म्हणाला, "हे माझ्याबरोबर खेळतात."

"हो हो, ते ठीक. नंतर खेळा ना. पाचच मिनिटं."

चंदू माझ्याकडे बघायला लागला. दारात पाहुणा, त्यात देवेश, ज्याच्या आवाजावर त्याने ते वाईट महिने काढले. त्याला नाही म्हणणं चंदूला आलं नाही. कुंडलिकरावांकडे वळून हळूच म्हणाला, "दादा, जरा उठता का इथून? पाच मिनिटं."

कुंडलिकराव उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. रिमोट चटईवर ठेवला. खिरीचा डबा ओट्यावर होता तो तसाच राहू दिला, चपला घातल्या. "चालू द्या तुमचं," म्हणाले आणि गेले.

देवेशला ते कोण, कुठले, काही माहीत नव्हतं. त्याला जागा रिकामी हवी होती, एवढंच. चंदूच्याही मनात काही नव्हतं, हे मी देवासमोर सांगेन. पण दसऱ्याचा दिवस, समोर पाटावर पूजा मांडलेली, आणि बौद्ध माणसाला म्हणायचं की इथून उठा. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या हे उठा ऐकलेलं, त्यांना ते कसं लागलं असेल, ते आपण घरात बसून नाही समजू शकत.

तो व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त चालला म्हणे.

कुंडलिकराव दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. चंदू कामावरून येऊन दार उघडं ठेवून बसायचा. आठवड्याने माझ्या दारात आला. हातात तो खिरीचा डबा, घासून लख्ख केलेला.

"वहिनी, माझ्याबरोबर चला ना. मला एकट्याला बोलता नाही येणार."

गेलो. कुंडलिकरावांनी स्वतः चहा केला. बाबासाहेबांच्या तसबिरीला ताजा हार होता. इकडचं तिकडचं झालं. गुडघा कसा आहे, विकी कधी येणार. मग चंदूने डबा पुढे केला आणि म्हणाला, "दादा, माझ्या मनात तसं काही नव्हतं हो."

"माहितीय की. म्हणून तर चहा पाजतोय."

"मग या ना."

कुंडलिकरावांनी बराच वेळ कपाची कड बोटाने पुसली. मग म्हणाले, "राग नाही, चंदूभाऊ. खरंच नाही. तुम्ही आलात, वहिनींना घेऊन आलात, बरं वाटलं. पण माझा बाप गावात जन्मभर उठत आला. मी मुंबईला आलो तो बसायला आलो. आता तिकडं यायचं म्हणलं की पाय उचलत नाही. गुडघ्याचं नाही म्हणत मी."

चंदूने मान हलवली.

दिवाळीत देवेश परत आला. मिठाईचा बॉक्स घेऊन. चंदूने त्याला फराळ दिला, मलाही हाक मारली. देवेशने कॅमेरा लावला, दुसरा रिमोट उचलून चटईवर नीट मांडला.

"ती जागा रिकामी दाखवू नकोस," चंदू म्हणाला.

"म्हणजे?"

"ती रिकामी नाही. तिथे कुंडलिकदादा बसायचे. मी त्यांना उठवलं. हे सांगणार असशील तर घे."

देवेश हसला. मग चंदूचा चेहरा बघून हसायचा थांबला. "काका, असं काय करता? लोक तुमच्यावर किती प्रेम करतात. हे सांगितलं तर शिव्या तुम्हालाच पडतील."

"पडू देत."

"आणि मला पण पडतील ना."

देवेशने चकली संपवली, कॅमेरा पिशवीत भरला, पाया पडला. त्याचे दोन्ही हात सामानाने भरले होते, म्हणून चंदूने लिफ्टचं दार धरून ठेवलं. त्यानंतर तो पोरगा आला नाही.

काल चंदू फोन घेऊन माझ्याकडे आला. दसऱ्याच्या व्हिडिओखाली, जिथे लोक लिहितात तिथे, त्याने स्वतः लिहिलं होतं. म्हणाला, बघा बरोबर लिहिलंय का. मी चष्मा लावून वाचलं. "ह्या दिवशी माझ्या शेजारी कुंडलिकदादा बसले होते. मी त्यांना उठायला सांगितलं. ती माझी चूक. चंद्रप्रकाश परब."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "त्यांना जाऊन सांगू का मी?"

"नको वहिनी. सांगितलं तर परत बोलावल्यासारखं होईल."

वर-खाली हजारो लोकांचं लिहिलेलं होतं. त्याच्या ओळींखाली कोणीतरी लाल बदाम टाकला होता, आणि एकाने लिहिलं होतं, काका, रडवलंत. त्या दोघांनी तरी नीट वाचलं असेल की नाही देव जाणे. कुंडलिकरावांकडे साधा, बटणांचा फोन आहे.