सगळ्यात सोपी लेव्हल

खराडीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत एक जुना बंदुकीचा गेम खेळत, तोही सगळ्यात अवघड लेव्हलवर. मध्ये कधी सेव्ह करत नसत. मी सोपी लेव्हल घेतली की म्हणत, "अहो, आपण लढायला आलात की सारसबागेत फिरायला?"

त्या गेमचा दुसरा भाग येणार, येणार म्हणत बारा वर्षं गेली. अखेर आला, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम घरी बोलावलं. खुर्चीत सावरून बसले आणि सगळ्यात सोपी लेव्हल निवडली. मला वाटलं, चुकून दाबलं गेलं.

"नुसती गोष्ट बघायचीय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

पहिल्याच शत्रूवर नेम धरला, तर पडद्यावरची बंदूक स्थिर राहीचना. मी माउसकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात थरथरत होता. त्यांनी त्यावर डावा हात ठेवला.

पुढचे दोन दिवस मला तोच हात दिसत राहिला, ते रोज मला ऑफिसला नेत त्या स्कूटरच्या ब्रेकवर.

सोमवारी ते नेहमीसारखे मला स्वारगेटला घ्यायला आले. "आज मी चालवू का?" मी विचारलं आणि टोमण्याची वाट बघत उभा राहिलो.

ते उतरले, हँडल माझ्या हातात दिलं आणि मागे बसले.