कोणीच ओरडलं नाही

दापोडीत मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला कादर मणेर यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. गळका रेडिएटर नीट होईपर्यंत गिऱ्हाइकाला अर्धा तास तरी बसावं लागतं, आणि तेवढ्या वेळात त्याला कादरभाईंच्या थोरल्या मुलीची माहिती मिळते. खुशनुमा, वय बावीस, मेकॅनिकलचा डिप्लोमा, दीड वर्ष जर्मनचा क्लास, सध्या मुक्काम जर्मनी. माहिती मागावी लागत नाही.

डिप्लोमा झाल्यावर खुशनुमा आठ-नऊ महिने चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी होती. मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्या कंपनीला माल पुरवणारा हा कारखाना, म्हणजे उद्योगजगतातला चुलत-चुलत भाऊ. तिथे शाफ्ट कातले जात, आणि लाइनवर समाधान नावाचा सुपरवायझर ओरडत असे. त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "कंपनी काय तुझ्या मामाची आहे का गं?" मशीन थांबलं, पीस रिजेक्ट झाला, टोपी नीट नसली, कशालाही मामा निघायचा. मामा निघाला की प्रकरण मिटलं असं समजायचं. चहाच्या सुट्टीत तोच समाधान डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे करून म्हणायचा, "घे, खा. तोंड कशाला पाडतीस? बोललो म्हणजे ठेवणारे तुला. ज्याला काढायचं असतं त्याला मी बोलतच नाही." हे शेवटचं वाक्य खुशनुमानं त्या वेळी फार मनावर घेतलं नाही.

जर्मनीचं खूळ चिंचवड स्टेशनजवळच्या क्लासमधून आलं. क्लास चालवणाऱ्या नीला मॅडम सांगत की त्या देशाकडे मशीन आहेत आणि हात नाहीत. आपल्याकडे हातांची कमी नाही. तीन वर्षांचं शिक्षण, आठवड्यात दोन दिवस शाळा, तीन दिवस कारखाना, वर विद्यावेतन. करारात एक कलम होतं, ते मॅडमनी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं: पहिले चार महिने चाचणीचे, या काळात कारखाना शिकाऊ उमेदवाराला कोणतंही कारण न देता निरोप देऊ शकतो. व्हिसा त्याच कारखान्याच्या नावावर, तेव्हा कारखाना गेला की देशही गेला.

"यात घाबरण्यासारखं काही नाही," मॅडम म्हणाल्या. "वेळेवर जा, म्हणजे झालं."

खुशनुमा जायच्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला. शुभेच्छुक म्हणून त्यावर पुढची निवडणूक लढवू पाहणारे अकरा चेहरे होते. त्यांतल्या नऊ जणांना तिचं नाव फ्लेक्स वाचून कळलं असावं. पण फ्लेक्सचा एक खरा परिणाम झाला. गल्लीतल्या सात बापांनी आपल्या मुलींना नीला मॅडमच्या क्लासला घातलं. त्यांतल्या दोघींची लग्नं ठरत आली होती, ती पुढे ढकलली. कादरभाईंना याचा मुलीच्या व्हिसापेक्षाही जास्त अभिमान वाटला.

जर्मनीतलं तिचं गाव लहान होतं, स्टुटगार्टपासून रेल्वेनं दीड तासावर. पहिल्या दिवशी ती रस्त्याच्या कडेला पत्ता शोधत उभी राहिली, तर समोरून येणारी गाडी थांबली. बाईनं काचेआडून हातानं खूण केली: जा. खुशनुमाला पलीकडे जायचंच नव्हतं. पण एवढी गाडी थांबलीय तर बरं दिसत नाही, म्हणून ती पलीकडे गेली. तिथे वळून पाहते तोवर या बाजूची गाडी थांबली. मग ती परत आली. दापोडीच्या चौकात आयुष्य काढलेल्या माणसाला इतका मान एकदम मिळाला की त्याचं काय करायचं कळत नाही.

कारखान्यात भोंगा नव्हता. जमीन इतकी स्वच्छ की बूट काढावेत की काय असं वाटावं. दुपारी जो तो आपला डबा उघडून आपल्यापुरतं खाई. कोणी कोणाच्या डब्यात हात घालत नसे, आणि डोकावतही नसे. तिची आई झुलेखाबी रोज फोनवर विचारत, "जेवलीस का गं?" या प्रश्नासाठी खुशनुमा दिवसभर थांबलेली असे, कारण तो विचारणारं चार हजार मैलांत दुसरं कोणी नव्हतं.

प्रशिक्षक ब्रांट हे साठीला आलेले गृहस्थ होते. ते शिकाऊ पोरांनाही 'तुम्ही' म्हणत. पीस बिघडला तर तो उचलून खिडकीशी नेत, उजेडात फिरवून बघत, मग हळूच म्हणत, "मनोरंजक आहे." खुशनुमाला वाटलं, जन्नत म्हणजे हीच. घरी तिनं सांगितलं, "अम्मी, इथे कोणी ओरडतच नाही."

"मग काम कसं करतात लोक?" झुलेखाबींनी विचारलं. प्रश्न बरोबर होता.

नोव्हेंबर संपत आला होता. चार महिन्यांतले अडीच सरले होते. शिकाऊ मुलांसाठी ठेवलेल्या जुन्या मशीनचं दार त्या सकाळी कुरकुर करू लागलं. दार उघडं असेल तर मशीन फिरत नाही, तशी सोय असते. दाराला बसवलेला सेन्सर चौकटीतलं चुंबक जवळ आलं की मशीनला सांगतो की दार लागलं. इथे दार लागलेलं होतं, पण मशीनला ते पटत नव्हतं. दर दोन पीसमागे ते थांबे. ब्रांट मीटिंगला गेले होते. ट्रेमध्ये अजून वीसेक पीस बाकी होते.

चाकणला असं व्हायचं तेव्हा समाधान खिशातून एक लोहचुंबक काढून सेन्सरवर चिकटवायचा आणि मशीनला म्हणायचा, "दार बंद हाय, माझ्यावर इस्वास ठेव." हे ज्याला येतं तो तिथे हुशार. खुशनुमाला ते समाधानहून सफाईनं येत असे. तिनं फळ्यावर कागद लावायचं चुंबक घेतलं, टेपनं सेन्सरवर बसवलं, प्रत्येक वेळी दार हातानं नीट लावून घेतलं आणि सगळे पीस काढले. मोजमाप अचूक. मग ती जेवायला गेली. चुंबक तिथेच राहिलं.

जेवणानंतर त्या मशीनवर लेना नावाची तिच्याच तुकडीतली मुलगी आली. काम चालू असताना तिनं सवयीनं दार उघडलं, कारण दार उघडलं की मशीन थांबतं हे तिला लहानपणापासून सूर्य उगवतो तितकं पक्कं ठाऊक होतं. मशीन थांबलं नाही. लेनाला काही झालं नाही. हत्यार गार ठेवणाऱ्या कूलंटच्या फवाऱ्यानं ती कमरेपर्यंत भिजली आणि दोन पावलं मागे जाऊन बराच वेळ आपल्या हाताकडे बघत उभी राहिली.

ब्रांट आले. त्यांनी चुंबक सोडवलं, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घातलं, पिशवीवर तारीख लिहिली. मग विचारलं, "हे तुम्ही लावलं?"

"हो."

"कुठे शिकलात?"

"आमच्या कंपनीत."

"धन्यवाद," ब्रांट म्हणाले आणि गेले.

खुशनुमा त्या दिवशी ओरड्याची वाट बघत राहिली. लेनाची माफी मागितली, मशीन दोनदा पुसलं, उगीच ब्रांटांच्या केबिनसमोरून फिरली. संध्याकाळी त्यांनी तिला शनिवार-रविवार चांगला जावो म्हटलं. सोमवारी नमस्कार केला. ते पुढचे पंधरा दिवस नेहमीसारखे, किंबहुना किंचित जास्तच सभ्य होते.

"वाचले अम्मी," तिनं घरी सांगितलं. "काही बोललेच नाहीत."

आपल्याकडे गुन्ह्याची शिक्षा तोंडानं होते आणि तिथेच संपते. घसा बसेपर्यंत बोलणारा माणूस सहसा कागद काढत नाही. बोलून त्याचा राग खर्च झालेला असतो. ब्रांटांनी काही खर्च केलेलं नव्हतं.

पत्र डिसेंबरात आलं. एकच पान, कारण दिलेलं नाही, शेवटी पुढील वाटचालीस मनापासून शुभेच्छा. खुशनुमा ते घेऊन केबिनमध्ये गेली.

"तुम्ही माझ्यावर ओरडला असता तर मला कळलं असतं," ती म्हणाली. "मी पुन्हा कधीच केलं नसतं."

ब्रांट खरोखर विचारात पडले. "मी तेहतीस वर्षांत कोणावर ओरडलेलो नाही," ते म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता.

"मग लोकांना कळतं कसं?"

"लेखी," ब्रांट म्हणाले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही हुशार आहात. वाईट वाटतं. मशीन शिकवणं मला येतं. मशीनला फसवायचं नाही, हे मात्र मला आजवर कोणाला शिकवावं लागलेलं नाही. ते कसं शिकवतात, मला माहीत नाही."

तिनं दुसरीकडे अर्ज केले. आधीची जागा का सुटली, या रकान्यात खरं ते लिहिलं. सगळीकडून उत्तरं आली, सगळी सभ्य. जानेवारीत परतीचं विमान ठरलं तेव्हा तिनं वडिलांना दुकानावर फोन केला. दुकानात गिऱ्हाइकं असावीत.

"अब्बा, मी परत येतेय."

"सुट्टी लागली का बेटा?" कादरभाई मोठ्यानं म्हणाले. मग आवाज रस्त्याच्या बाजूला सरकला आणि खाली आला. "काय झालं?"

तिनं सांगितलं. पलीकडून ट्रक गेल्याचा आवाज आला, मग दुसरा गेल्याचा.

"चुंबक?" कादरभाई म्हणाले. "एवढंसं?"

"हो."

"ती पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे."

"अल्लाचा शुक्र." पुन्हा ट्रक. "त्या सात जणींच्या बापांना काय सांगू मी? उद्या क्लासमधून काढतील एकेकीला. एकीच्या लग्नाची तर हळदच तेवढी बाकी ठेवलीय म्हणे." आवाज आणखी खाली आला. "असं कर. इथे नको उतरू. चाकणला इफ्फतकडे जा. थोडे दिवस."

इफ्फत ही कादरभाईंची धाकटी बहीण, चाकणला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहणारी. थोड्या दिवसांचे दोन महिने झाले. खुशनुमाला तिथल्याच एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं. लपण्याचा काही त्रास नाही. पुणे जिल्ह्यात तोंडाला स्कार्फ बांधून कामाला जाणारी मुलगी कोणाच्या नजरेत भरत नाही. कंपनीच्या बसमध्ये एकदा दापोडीची ओळखीची बाई तिच्या शेजारी तासभर बसून, तिला धक्का देऊन, सॉरी म्हणून उतरून गेली.

मार्चमध्ये ईद आली. शीरखुर्म्याचा डबा झुलेखाबींनी आदल्या दिवशीच गुपचूप पाठवला होता. दुपारी दापोडीच्या घरी पाहुणे जमले आणि कोणीतरी म्हटलं, पोरीला व्हिडिओ कॉल लावा की. कादरभाईंनी आधी मेसेज केला: पाच मिनिटांत.

इफ्फत फुफीनं पांढरी चादर भिंतीला लावली. पंखा बंद केला, कारण छताला पंखा दिसला तर जर्मनी राहत नाही. वर पत्रा, बाहेर अडतीस अंश. खुशनुमानं जाड जॅकेट चढवलं आणि गळ्यापर्यंत चेन ओढली.

"जेवलीस का गं?" झुलेखाबींनी पाहुण्यांदेखत विचारलं आणि लगेच फोन दुसऱ्याच्या हातात दिला.

शेजारचे नवनाथ बीडकडचे, भोसरीत वेल्डर, त्या सात बापांपैकी एक. "लय गोरी झालीस गं पोरी," ते म्हणाले. "चेहऱ्यावर काय चमक आलीय! हवा मानवली म्हणायची."

खुशनुमाच्या कपाळावरून घाम कानामागे उतरत होता. "हो काका, हवा चांगली आहे."

"आमची विजयश्री ऑगस्टात चालली, तुझ्यासारखीच. कारखान्यातच. आता दोन महिने इथं चाकणला मशीनवर काढतीय, हात बसावा म्हणून. थांब, ती बोलतीय."

पडद्यावर वही घेतलेली मुलगी आली. तिनं पेन उघडलं. "ताई, तिथं गेल्यावर कशाची काळजी घ्यायची? मॅडम म्हणतात वेळेवर जा, बास. पण अजून काही असेल ना? तुम्ही एवढ्या टिकलात तिथं."

खुशनुमानं तोंड उघडलं. विजयश्रीच्या मागे, दाराच्या चौकटीत, कादरभाई उभे होते. ते फोनकडे बघत नव्हते. ते त्या सात बापांपैकी आलेल्या तिघांकडे बघत होते. शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन तिघेही उत्तर ऐकायला थांबले होते.

"मोजे," खुशनुमा म्हणाली. "मोजे जास्त घेऊन जा. लोकरीचे."

विजयश्रीनं लिहून घेतलं.